दादाची उजवी बाजू

आमच्या घरात पत्र्याच्या दोन खोल्या होत्या आणि त्या दोन्हींपेक्षा मोठा मेंढवाडा होता. पाहुणा आला की आधी मेंढरं बघायचा, मग आम्हाला. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावाच्या कडेला, माळाला लागून हे घर. बाप गेला तेव्हा मी सहावीत होते. दादा नववीत होता. बापाची काठी दाराशी उभी होती, ती दादानं उचलली आणि दप्तर मला दिलं. त्यात त्याचं भूगोलाचं पुस्तक होतं, ते मी नववीत वापरलं.

पुढची वर्षं वाईट गेली. सगळीकडं सोयाबीन झालं, बांध नांगरून निघाले, मेंढरं चारायला जागा उरली नाही. बांधावर तणनाशक मारलेलं असायचं आणि मेंढराला ते कळत नाही. एका दुपारी तीन घरांची मेंढरं एकाच धुऱ्यावर, म्हणजे बांधाच्या कडेला, आडवी झाली होती, त्यात आमचीही होती. शेतकरी म्हणायचा माझ्या शेतात घातलीच काहून, आणि त्याचंही बरोबरच होतं. माय आणि दादा उन्हाळ्यात कळप घेऊन नदीच्या अंगाला जायचे, तिकडंच महिने काढायचे. मी आत्याच्या घरी राहून शाळा करायचे. सणाला कुणी भाकरीवर गूळ ठेवला तर आम्ही गूळ खिशात टाकायचो आणि भाकरी कोरडी खायचो, म्हणजे गूळ पुढं पुरतो.

शेवटी अर्धा कळप विकला. दादाचं लग्न झालेलं होतं, लेकरू पोटात होतं. गावातले दोघं-तिघं आखातात गेले होते, कुणी गवंडी, कुणी ड्रायव्हर. दादाला यातलं काही येत नव्हतं. त्याला मेंढरं राखता यायची, तर तेच काम मिळालं. आपली मेंढरं विकून दुसऱ्याची मेंढरं राखायला माणूस समुद्रापार गेला, वाळवंटात. गावात त्यावर लोक हसले. दादाही हसला. म्हणाला, "तिकडं सोयाबीन न्हाई, एवढं तर बरं हाय."

त्यानं पाठवलेल्या पैशांवर मी हिंगोलीला कॉलेज केलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवी घेतली नव्हती. आज मी सेनगावच्या एका शाळेत शिकवते. हे सांगताना मी मान खाली घालत नाही.

आता चकरीबद्दल सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मेंढराला एक आजार होतो. त्याच्या डोक्यात पाण्याची पिशवी धरते. आधी ते कळपातून जरासं बाजूला पडतं, मान एका अंगाला कलती करून ऐकल्यासारखं उभं राहतं. मग एक दिवस फिरायला लागतं. एकाच बाजूला, एकाच जागी, गोल. हाक मारली तरी थांबत नाही. चारा पुढं टाकला तर त्याच्यावरून पाय देऊन जातं. पडेपर्यंत फिरतं, उठलं की पुन्हा त्याच बाजूला. आमच्यात याला चकरी म्हणतात.

चकरी आली की पहिलं काम एकच. त्या मेंढराच्या गळ्यातलं घुंगरू काढून घ्यायचं. नाहीतर बाकीची मेंढरं आवाजाच्या मागं जातात आणि सगळा कळपच त्याच्यामागं गोल फिरायला लागतो. हे मी लहानपणी एकदा बघितलंय. भर दुपार होती, वारा नव्हता, आणि सगळा कळप मुकाट्यानं एका वर्तुळात चालला होता. खुरांचा तेवढा आवाज. कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती. बापानं धावत जाऊन मधल्या मेंढराचं घुंगरू तोडलं तेव्हा बाकीची जागी झाल्यासारखी थांबली आणि चरायला लागली.

घुंगरू काढलेलं मेंढरू वाड्यामागच्या बाभळीला बांधायचं. मग बाप त्याचं डोकं अंगठ्यानं दाबून बघायचा. हाड जिथं मऊ लागेल तिथं तापवलेल्या सुरीनं खोलायचा आणि ती पिशवी ओढायचा. माय पाय धरायची. मी दारामागून बघायचे. पिशवी दरवेळी फुटायची आणि मेंढरू दरवेळी मरायचं. तरी बाप खोलायचा. नुसतं फिरत ठेवण्यापेक्षा ते बरं, असं त्याचं म्हणणं असावं.

एक दिवस शाळेच्या मधल्या सुट्टीत माझ्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला. दादाच्या सोबत काम करणारा एक माणूस होता, निजामाबादकडचा, त्यानं पाठवला होता. सोबत हिंदीत एवढंच होतं की बहन, इसको देखो.

पांढरी वाळू, पाण्याची एक लोखंडी टाकी, आणि टाकीच्या पुढं दादा चालत होता. गोल. उजवीकडं वळत, पुन्हा उजवीकडं. पायाखाली वाळूत वाट पडली होती, म्हणजे बऱ्याच वेळापासून चालला असेल. मान कलती. तोंडावर हसू होतं, पण अर्ध्याच तोंडावर. मागं मेंढरं उभी होती. एकही चरत नव्हतं. सगळ्यांची तोंडं त्याच्याकडं. वाऱ्याचा आवाज येत होता आणि त्या आवाजात कुणीतरी त्याला हाक मारत होतं, आणि दादा हाक ऐकून हाकेपासून लांब वळत होता.

मी डबा तसाच बंद केला.

संध्याकाळी घरी आले तेव्हा मायला आणि वैनीला दाखवावं की नाही, याचा विचार करत होते, पण वैनीलाही तो आला होता. दोघी चुलीपुढं बसल्या होत्या. वैनी रडत होती. माय रडत नव्हती. तिनं मला जवळ बोलावलं आणि मोबाईल पुढं केला.

"हे मोठं करता येतं का? त्याच्या गळ्यात ताईत हाय का बघ."

मी मोठं करून बघितलं. काळ्या दोऱ्यात बांधलेला ताईत होता गळ्यात. मायनंच जाताना बांधला होता. मी म्हणाले, हाय. मला वाटलं, तिला धीर आला असेल. ती उठून वाड्याकडं गेली.

पुढचे दिवस मी फोन करण्यात घालवले. तिकडच्या एका दवाखान्यात दादाच्या डोक्याचा फोटो काढला होता आणि मालकाला सांगितलं होतं की मोठं ऑपरेशन आहे, याला याच्या देशात न्या. मालक वाईट नव्हता, पण त्याला माणूस परत पाठवायची घाई नव्हती. मी दूतावासाला इंग्रजीत लिहिलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा फोन केला. माझं इंग्रजी फार चांगलं नाही. पण चूक असलेलं इंग्रजीसुद्धा रोज गेलं की कुणीतरी उत्तर देतं. शेवटी ठरलं की निजामाबादवाला सुट्टीवर येतोय, तो दादाला सोबत घेऊन हैदराबादला उतरेल.

मधल्या काळात डोक्याचा तो फोटो मोबाईलवर मागवून मी नांदेडच्या मेंदूच्या डॉक्टरकडं गेले. त्यांनी बघितलं आणि विचारलं, हा माणूस मेंढरांत आणि कुत्र्यांत राहतो का. मी म्हणाले, आम्ही सगळेच राहतो. मग त्यांनी समजावून सांगितलं. कुत्र्याच्या पोटात एक किडा असतो, त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली की कधी कधी डोक्यात पाण्याची पिशवी तयार होते. उजव्या बाजूला आहे, लिंबाहून मोठी. अख्खी बाहेर काढली तर माणूस बरा होऊ शकतो. पण हळूहळू आणि अख्खी. आत फुटली तर जिवाला धोका. तोपर्यंत त्याला पडू देऊ नका, डोक्याला मार लागू देऊ नका. सोमवारी जागा देतो म्हणाले.

मी घरी आले आणि मायला आणि वैनीला सगळं बैजवार सांगितलं. पिशवी कशी धरते, कुठं धरते, डोकं कसं खोलतात. वहीच्या पानावर चित्र काढून दाखवलं. वर्गात सांगते तसं सांगितलं, आणि मला वाटलं फार छान सांगितलं. वैनीनं मध्ये मध्ये विचारलं. मायनं काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "आधी घरी आण त्याला."

विमान शनिवारी होतं, दवाखान्याची जागा सोमवारची. मध्ये एक दिवस होता. लेकाला डोळे भरून बघायचं असेल, असं मला वाटलं. मी हो म्हणाले.

हैदराबादच्या विमानतळावर तो चाकाच्या खुर्चीतून बाहेर आला. निजामाबादवाला खुर्ची ढकलत होता. दादा वाळून काठी झाला होता, पण ते मला अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते असं की तो माझ्याकडं बघतच नव्हता. मी त्याच्या डाव्या हाताला उभी राहिले, खांद्यावर हात ठेवला, दादा म्हणून हाक मारली. त्यानं मान हलवली, उजवीकडं. तिकडं एक खांब होता. तो खांबाकडं बघून हसला.

निजामाबादवाल्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं की हा दिवसभर फिरायचा, म्हणून आम्ही कमरेला दोरी बांधून टाकीला अडकवत होतो, माफ करा बहन, दुसरं काही सुचलं नाही. दोरीला वेढे बसत जायचे आणि हा टाकीला चिकटायचा, तरी पाय चालूच. मग म्हणाला, मेंढरं त्याच्याजवळ यायची नाहीत. पाण्यालासुद्धा यायची नाहीत, तो टाकीपाशी असला तर. असं म्हणून तो आपल्या गाडीकडं गेला, मागं वळून बघितलं नाही. इतके दिवस त्यानंच दादाला खाऊ घातलं होतं, त्याला मी कमी म्हणणार नाही. पण त्याला सुटल्यासारखं झालं होतं, हे दिसत होतं.

गाडी भाड्यानं केली होती. वाटेत जिथं थांबलो तिथं दादा उतरून गाडीभोवती फिरायला लागायचा. मी आणि ड्रायव्हर त्याला धरून आत बसवायचो. ड्रायव्हर आधी बडबड्या होता, देगलूरच्या पुढं त्यानं बोलणं बंद केलं. आरसा त्यानं वर वळवून ठेवला, म्हणजे मागचं दिसू नये.

गावात पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. मेंढरं नुकतीच वाड्यात आली होती. गाडीचं दार उघडलं, दादाचा पाय खाली टेकला आणि वाड्यातली सगळी मेंढरं उभी राहिली. बसलेली होती, रवंथ करत होती, ती उठली. ओरडली नाहीत. नुसती उभी राहून आमच्याकडं बघत राहिली.

गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. एक जण म्हणाली, घरात घ्या, पाय धुवा. वैनी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली. लेकरू तिच्या पदराला धरून होतं, त्यानं बापाला पहिल्यांदाच समोर बघितलं आणि तोंड लपवलं.

माय दारात नव्हती. ती वाड्यामागून आली. दादाला दंडाला धरलं आणि घराकडं न नेता वाड्याच्या मागं न्यायला लागली. मी मागं गेले. बाभळीखाली बाज टाकलेली होती. त्यावर गोधडी, उशाला पाण्याची कळशी. सगळं नीट, सारवलेलं. मायनं त्याला बाजेवर बसवलं, त्याच्या मानेमागं हात घातला, आणि ताईत सोडून घेतला. दातानं गाठ सोडली, दोरा गुंडाळला, कमरेच्या पिशवीत ठेवला.

तेव्हा मला कळलं. व्हिडिओ बघून तिनं ताईत काहून विचारला होता ते.

मी शांतपणे बोलायचा प्रयत्न केला. म्हणाले, माय, सोमवारी दवाखान्यात न्यायचंय, डॉक्टरनं सांगितलंय.

"न्हाई न्यायचं."

"माय, तो बरा व्हतो. डॉक्टर म्हणलं ना."

"डोकं खोलायचं न्हाई त्याचं." ती बाजेवरची गोधडी नीट करत होती. "तुझा बाप खोलायचा, म्या पाय धरायची. एक बी उठलं न्हाई. तू दारामागं व्हतीस. म्या पाय धरल्याले हाय."

"ते मेंढरू, हे माणूस. बाप सुरीनं खोलायचा, दवाखान्यात मशिनी हायेत."

"पिशवी तीच हाय का न्हाई? तूच चित्र काढून दावलंस." तिनं कळशीवर झाकण ठेवलं. "लई शिकलीस. मला आनंदच हाय. पर माझ्या लेकाचं डोकं खोलून त्याला तडफडून मारायचं, आन म्या बाहेर बाकड्यावर बसायचं? हितं झाडाखाली जाऊ दे त्याला. म्या जवळ हाय."

मी वैनीकडं बघितलं. दवाखान्यात सही तिची लागणार होती. ती लेकराला पोटाशी धरून उभी होती. मायकडं बघून म्हणाली, "आत्याबाई म्हणतील तसं."

मला राग आला, आणि तो मायचा नव्हता. मी चित्र काढून दाखवलं होतं. जितकं नीट समजावलं तितकं तिला पटलं होतं की हे तेच आहे. माणसाचा किडा वेगळा, मेंढराचा वेगळा, हे डॉक्टरनं मला सांगितलं होतं आणि मी ते तिलाही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पण ज्या बाईनं आयुष्यभर चकरी आलेली मेंढरं पाहिली आणि एकही वाचलेलं पाहिलं नाही, तिला किड्यांच्या नावाचं काय.

रविवारी सकाळी मी भाकरी आणि वरण घेऊन बाभळीखाली गेले. दादा बाजेवर बसला होता. मी ताट त्याच्यापुढं ठेवलं. त्याचा डावा हात मांडीवर नुसता पडला होता. उजव्या हातानं तो खात होता, चांगलं खात होता. मग थांबला आणि ताटातल्या मोकळ्या जागेत बोटं फिरवायला लागला, अजून भाकरी शोधल्यासारखा.

भाकरी ताटात होती. अर्धी. उजवी बाजू खाऊन संपलेली आणि डावी तशीच, सुरीनं कापल्यासारखी. वरणही वाटीच्या उजव्या अंगाचंच गेलं होतं.

मी ताट फिरवलं. अर्धी भाकरी उजवीकडं आली तशी त्याला ती दिसली आणि त्यानं ती खाल्ली.

मी उठून त्याच्या डावीकडं गेले, हाक मारली. तो उजवीकडं वळला आणि शोधायला लागला. मी बाजेला वळसा घालून उजवीकडं आले. त्यानं माझ्याकडं बघितलं. डोळ्यात बघितलं.

"तू व्हय? कवा आलीस? कॉलेज सुटलं?"

कॉलेज सुटून मला वर्षं झाली होती. पण तो मला ओळखून बोलत होता, तिकडून आल्यापासून पहिल्यांदा.

मी तिथंच बसले आणि तो बोलत राहिला, थांबत थांबत. विचारलं की मेंढरं पाण्यावर नेली का. मी हो म्हणाले. मी जरा मागं सरकले आणि त्याच्या डाव्या अंगाला गेले, की त्याच्यासाठी मी जगातून गेले. तोंडातलं वाक्य तिथंच राहायचं.

उन्हं वर आल्यावर तो उठला आणि फिरायला लागला. माय वाड्यातून धावत आली आणि त्याचा डावा दंड धरला. कालपासून ती असंच करत होती. मेंढरू हाकताना आमची माणसं डाव्या अंगानंच चालतात, उजव्या हातात काठी मोकळी राहावी म्हणून, आणि तिला सवय तीच. दादा पडू नये म्हणून ती त्याच्यासोबत चालायची आणि सारखी बोलायची, हळू बाबा, बस बाबा, म्या हाय. आणि तिचा आवाज कानावर आला की दादा उजवीकडं वळायचा. ती त्याच्यासोबत वळायची. तो पुन्हा वळायचा. बाभळीच्या सावलीत दोघं गोल गोल चालले होते, एक हाक मारत आणि एक हाक शोधत, आणि वाड्यातली मेंढरं कुंपणाला तोंड लावून बघत होती.

मी जाऊन मायचा हात धरला. तिनं तो झटकला. मी पुन्हा धरला आणि तिला ओढून दादाच्या मागून उजव्या बाजूला आणलं.

"माय, हितून बोल. एकदा बोल फक्त."

"बाबा," माय म्हणाली.

दादा थांबला. पाय थांबले, मान थांबली. त्यानं तिच्याकडं बघितलं, तोंडावरून, डोक्यावरून, लुगड्यावरून. "माय, तू हैस व्हय," तो म्हणाला. "म्या कवाचा हुडकून राहिलो तुला. आवाज येऊन राहिला, पर तू दिसंनास."

माय त्याच्यापुढं उभी राहिली. तिचा हात वर आला होता, तो त्याच्या गालाला लागला नाही, तसाच राहिला. मग ती माझ्याकडं न बघता बोलली.

"चकरीचं मेंढरू हाक वळखत न्हाई."

इथं काही समजावत बसायचं नाही, एवढं मला कळत होतं.

"एक बी वळखत न्हाई. म्या हाका मारून बघितल्याल्या हायेत." तिनं कमरेची पिशवी चाचपली, ताईत काढला, आणि तो दादाच्या गळ्यात परत बांधला. मग म्हणाली, "गाडी बोलव. उद्याची वाट कशाला बघायची."

दवाखान्यानं रविवारी घेतलं नाही, सोमवारीच घेतलं. ती रात्र दादानं घरात काढली, भिंत डाव्या अंगाला करून, आणि माय उजव्या अंगाला बसली. वैनीनं सही केली. मायनं विचारलं की आत जाऊन पाय धरू का. डॉक्टर तिला हसले नाहीत, याचं मला बरं वाटलं. ते म्हणाले, पाय धरायची गरज पडत नाही, तो झोपलेला असतो. मायला ते खरं वाटलं नाही. आत नेण्याआधी नर्सनं कात्रीनं ताईताचा दोरा कापला, तो नियमच आहे, आणि मायनं ते बघितलं. तिचा चेहरा मी सांगू शकत नाही. ती ओरडेल असं मला वाटलं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि बाकड्याचा लोखंडी पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला. दार उघडेपर्यंत तिनं तो सोडला नाही. चहा आणला, पाणी आणलं, घेतलं नाही. तिथं बसलेल्या दुसऱ्या एका बाईनं मला हिंदीत विचारलं की अम्मा ठीक हैं ना. मी हो म्हणाले. ठीक नव्हतीच.

दार उघडलं तेव्हा डॉक्टर स्वतः आले आणि आम्हाला आत बोलावलं. स्टीलच्या भांड्यात ती होती. पांढरी, गोल, कातडीसारखी पातळ, आत पाणी हलत होतं. कवच नसलेल्या अंड्यासारखी दिसत होती. अशी वस्तू माझ्या भावाच्या डोक्यात इतकी वर्षं बसून होती आणि तिनं त्याचं अर्धं जग खाऊन टाकलं होतं. मी तोंड फिरवलं. माय मात्र वाकून बघत राहिली, जवळून, सगळ्या बाजूंनी.

"फुटली न्हाई," ती म्हणाली.

"नाही फुटली आजी," डॉक्टर म्हणाले.

पुढचे आठवडे सोपे नव्हते. दादाला दोनदा झटके आले. डावा पाय ओढत होता. सुरुवातीला तो आमच्या हाका ऐकून अजूनही उजवीकडंच बघायचा, आणि त्याला डावीकडं बघायला शिकवावं लागलं, लेकराला शिकवतात तसं. हे काम वैनीनं केलं. ती मुद्दाम डावीकडं बसून त्याच्याशी भांडायची. "मी हितं हाय, तिकडं खांबाशी काय बोलता," म्हणायची, आणि वॉर्डातली बाकीची माणसं हसायची. पहिल्यांदा तो तिच्याकडं बरोबर वळला तेव्हा ती जे बोलत होती ते विसरली.

एका दुपारी मी एकटी त्याच्याजवळ होते, तेव्हा त्यानं मला वाळवंटातलं सांगितलं. म्हणाला, तिकडं त्याच्या डाव्या अंगाला कायम कुणीतरी चालायचं. दिसायचं नाही. त्याला बघायला तो वळला की तेही वळायचं, तितकंच. दिवसभर त्याच्यामागं फिरून तो थकायचा, पण सोडवत नव्हतं, कारण ते कधी कधी मायच्या आवाजात बोलायचं. मी विचारलं, आता आहे का. त्यानं सावकाश डावीकडं मान वळवली, पूर्ण वळवली, खिडकीपर्यंत बघितलं.

"न्हाई," तो म्हणाला. "गेलंय वाटतं."

डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणे आता आमच्या वाड्यातल्या कुत्र्यांना मी जंताचं औषध देते, आणि गल्लीतल्यांनाही द्यायला लावते. लोक आधी कुरकुरले, मास्तरीण आता कुत्र्यांना शिकवायला लागली म्हणाले. मी ऐकून घेतलं आणि औषध दिलं.

दादा घरी आहे. गोळ्या अजून चालू आहेत आणि डाव्या हाताची पकड कमी आहे, त्यामुळं त्याला दूध काढता येत नाही. बाकी सगळं तो करतो. परत काढलेल्या फोटोत डोकं साफ आहे. आम्ही त्याला परदेशातून जिवंत आणला, त्याचं ऑपरेशन करून घेतलं, आणि तो वाचला.